नकाशात नसलेला नाला

छोटे, काल फोनवर तू इतक्या हुरुपानं बोलत होतीस की मध्येच तुला थांबवायला माझी जीभ रेटली नाही. जवाईबापूंनी मोबाइलवर देशाचा कुठलासा नकाशा पाहिला. हिमालय लालभडक, कच्छ लाल, ओडिशाचा किनारा लाल, आपलं कोकणही गडद, आणि मधोमध आपला जिल्हा फिकट पिवळा, निवांत. "ताई, आपल्याकडं समुद्र नाही, दरडी नाहीत, भूकंप नाही. यवतमाळसारखी सुरक्षित जागा कुठं मिळायची? पुण्यातला फ्लॅट काढून टाकतो आणि बाबांच्या नाल्याकाठच्या तुकड्यात घर बांधतो," एवढं सांगून तू फोन ठेवलास.

तू परत येणार म्हणून आई कालपासून दोनदा शेजारी जाऊन सांगून आली. मलाही रात्री झोप नव्हती. अर्धी आनंदानं गेली, अर्धी त्या जागेच्या विचारानं. आज सगळी कामं आटोपून निवांत बसले आहे. जे सांगते ते जवाईबापूंनाही ऐकव. माझा राग आला तरी चालेल, पण पाया खोदायच्या आधी एकदा ऐकून घे.

नकाशा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण सोळा तालुक्यांचा, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा त्यात एका बोटाखाली झाकला जातो. पुसदचे डोंगर, पांढरकवड्याकडचं जंगल, वणीच्या कोळसा खाणी, पैनगंगेकाठची काळी जमीन, सगळ्याला एकच रंग. मदतीची पथकं कुठं जास्त ठेवायची, कुठल्या भागातल्या इमारतीत किती सळई घालायची, हे ठरवणाऱ्यांना तो रंग कामाचा आहे. आपल्या नाल्याला कोणत्या डोंगरावरचं पाणी येतं, हे त्याला कुठून कळणार?

मोठी संकटं आपण लहानपणापासून टीव्हीवरच पाहिली. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे आपल्याकडं जवळजवळ अख्ख्या पावसाळ्यात पडतो तेवढा. २०१४ ला माळीण, २०२१ ला महाडचं तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी ही गावं डोंगराखाली गेली. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आठवडाभर पाण्यात होतं, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं रायगडाच्या नारळी-पोफळी झोपवल्या. आपण चहा पिता पिता "बिचारे" म्हणत राहिलो आणि मनात घट्ट बसलं की संकट म्हणजे तिकडचं. आपल्याकडचं संकट टीव्हीवर फारसं दिसत नाही, कारण ते एकेका घरात येतं. आज या तालुक्यात निंदायला गेलेली एक बाई, आठ दिवसांनी त्या तालुक्यात एक गुराखी. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या पेपरात कोणीतरी भजी बांधून देतं.

आणि फिकट रंगाचं म्हणशील तर किल्लारी आठव. तुला कशी आठवेल, तू पाळण्यात होतीस. मी चौथीत होते. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती, ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. घरं होती दगड आणि मातीची, दीड-दोन हात रुंद भिंतींची, वर मातीचं जड धाबं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून पिढ्यान् पिढ्या तशीच बांधलेली. तीच अंगावर आली. नंतर नकाशाचे पट्टे बदलले. बाबा कितीतरी दिवस रात्री भिंतीवर हात फिरवून पाहायचे, ते मला अजून दिसतं.

उलट ओडिशा बघ. नकाशात लाल तो लालच. १९९९ च्या चक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. मग त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात पोरं तयार केली, आणि २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले. मृतांची संख्या पन्नासच्याही आत राहिली. समुद्र तोच, वारा तसाच. मला त्या लोकांचा फार आदर वाटतो. आपल्या फिकट रंगानं आपल्याला मात्र गाफील केलं आहे, असं मला खरंच वाटतं.

आता नाल्याकडं येते.

तुला तो तुकडा आठवतो तो दिवाळीतला. कोरडा नाला, काठावर बोरी, पोरं पात्रातून सायकली चालवतात. तू गेली दहा वर्षं दिवाळीतच येतेस. त्या वावराला सगळे 'बुडीताचं' का म्हणतात, हे तू कधी विचारलंस का? मीही लग्न होईपर्यंत विचारलं नव्हतं. आबांनी हयातीत तिथं घर सोड, गोठासुद्धा बांधला नाही. फक्त कडब्याची गंजी रचायचे, आणि तीही मृगाच्या आधी उचलून वर आणायचे. आबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांच्या वागण्यात त्या जागेची सगळी माहिती होती. सातबाऱ्यावर ती लिहिलेली नसते.

आपला नाला डोंगरातून येतो. वरच्या अंगाला कठीण काळा दगड, माती थोडी, झाडी विरळ झालेली. तिकडं ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. आपल्याकडं ऊन पडलेलं असतं, बाया धुणं घेऊन नाल्यावर बसलेल्या असतात आणि तास-दोन तासांत लोंढा येतो. दुसरी गोष्ट याहून वाईट. पुढं नाला पैनगंगेला मिळतो. पैनगंगाच फुगलेली असली, वर ईसापूर धरणाचे दरवाजे उघडलेले असले, की नाल्याचं पाणी नदी घेत नाही. मग नदीचा फुगवटा उलटा नाल्यात चढतो. गावात पावसाचा थेंब नसतानाही घरात पाणी शिरतं ते असं. वणी-मारेगावकडं वर्धेकाठच्या गावांची हीच गत. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांनी ते पुरेपूर भोगलं. आर्णीकरांना अरुणावती आहे, यवतमाळ शहराला वाघाडी. जिल्ह्यात पूर नाही असं म्हणणाऱ्याला मी हाताला धरून एकेक नदी दाखवीन.

२०२३ चा जुलै तू फोटोत पाहिलास. २१ च्या रात्रीपासून पाऊस थांबायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली आणि सरकारला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. आपल्या गावात कोणी गेलं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवशी मी पाणी जवळून पाहिलं. सकाळी नाल्याचा रंग बदलला. आधी गढूळ चहासारखा, मग लालसर, मग त्यावर पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, कोणाचं तरी टोपलं, प्लॅस्टिकची खुर्ची. आवाज वेगळा होतो गं. पाण्याखाली दगड घरंगळतात, त्यांचा घर्रर्र असा जमिनीतून पायात येणारा आवाज. तो ऐकला की पाच मिनिटंही थांबायचं नाही, हे तेव्हापासून मी पक्कं केलं.

पाणी ओसरल्यावर घरात काय उरतं ते फोटोत दिसत नाही. आपल्या कोठीत बियाण्याची तूर होती. ती फुगली, कोठीचं टिन उसवलं, आणि आंबूस वास महिनाभर स्वयंपाकघरातून गेला नाही. आईच्या पेटीतले कागद चिकटून वडी झाली. तुझा दहावीचा दाखला मी तव्याच्या उबेवर एकेक पदर सोडवून वाळवला. आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, खालून चौथ्या पायरीच्या वर, माझ्या कमरेएवढी. पुजारीबाबांनी ती पुसू दिली नाही. चुन्यानं बाजूला तारीख लिहून ठेवली. त्याच्याही वर एक जुनी फिकट रेघ आहे, आबांच्या काळातली. आता डोळे मिटून आठव. तुमचा तुकडा देवळापेक्षा खाली आहे.

तरी तिथंच बांधायचं ठरलं, तर निदान चौथरा त्या जुन्या रेघेच्या दोन-तीन फूट वर घ्या. आणि आपली काळी माती लक्षात ठेवा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली गेला नाही तर पूर न येताही भिंती तडकतात. पण माझं मन विचारशील तर तिथं बांधूच नका.

आणि रस्ता. तुम्ही शहरातली माणसं चारचाकीच्या भरवशावर असता. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी जात असताना नांदेड-नागपूर एसटी वाहून गेली. त्यात माणसं दगावली. एवढी मोठी एसटी पाण्यानं उचलली, छोटे. वीतभर वाहतं पाणी माणसाचा पाय उचलतं, घोट्याच्या वर आलं की तोल जातो. हातभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते आणि एकदा चाक सुटलं की स्टिअरिंग काही कामाचं नाही. शिवाय खालचा रस्ता जागेवर आहे की खचून गेला, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. जवाईबापूंना माझ्या शब्दात सांग, पुलावर पाणी असेल तर अलीकडच्या गावात कोणाच्याही ओसरीवर रात्र काढायची. आपल्या जिल्ह्यात पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. जंगलातल्या बंदी भागातली गावं तर पावसाळ्यात दिवसेंदिवस तुटलेली असतात. तिथल्या बाळंतपणाच्या बाया आधीच तालुक्याला आणून ठेवतात ते उगाच नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती मी तुला आजवर नीट सांगितली नाही.

तुझ्यासोबत शाळेत होती ना, चावडीमागं राहायची, वेण्यांना नेहमी हिरव्या रिबिनी बांधायची? ती विजेनं गेली एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिच्यापासून वीस पावलांवर होते. सप्टेंबरचे शेवटचे दिवस. आम्ही आठ-नऊ बाया सोयाबीनच्या वावरात. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेला काळं आलं, वारा एकदम थंड झाला. लांब गडगडत होतं. मुकादम म्हणाला, एवढी पात लावून टाका. आम्हीही म्हटलं, पाऊस आल्यावर पळू. थेंब पडायला लागले तशी ती धुऱ्यावरच्या निंबाखाली धावली, डोक्यावर पोतं घेऊन. मी बंडीकडं गेले. पांढरं झालं सगळं. आवाज नंतर आला. निंबाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली, आणि ती झोपल्यासारखी पडलेली. अंगावर कुठं जखम नाही.

कोणी तिला हात लावेना. अंगात वीज असते, शिवू नका, असं सगळे ओरडत होते. पाच-सात मिनिटं गेली तशीच. मग बंडीत घातलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात मला कळलं की वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहतच नाही. हात लावला तर काही होत नाही. बहुतेकांचं हृदय आणि श्वास बंद पडतो, आणि तिथंच, त्याच मिनिटाला कोणी छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरानं आणि भराभर दाबत राहिलं, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, छाती दोन इंच खाली जाईल एवढं, तर माणूस परत येऊ शकतो. त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि रडले. कुठंकुठं अजून लोक वीज पडलेल्याला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात, अंगातली वीज उतरेल म्हणून. त्यात त्याचा उरला जीव जातो. तू हे शिकून ये. पुण्यात कुठंही शिकवतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी आपल्या बचत गटाच्या बायांना उशीवर दाबायला लावून शिकवलं, आता तुझी पाळी.

देशाचा आकडा सांगते म्हणजे तुला कळेल मी एवढी का लागून राहिले. २०२२ या वर्षात भारतात निसर्गाच्या तडाख्यानं ८,०६० माणसं गेली, त्यातली २,८८७ विजेनं. म्हणजे तिघांतला एक. पूर, दरड, थंडी, ऊन, सगळ्यांहून जास्त. आणि धोक्याच्या नकाशात वीज कुठल्या रंगानं दाखवतात? जवाईबापूंच्या नकाशात ती होती का, विचार त्यांना.

त्यातही मरतात कोण? जी माणसं दुपारी उघड्यावर असतात ती. निंदणारी, डवरणारी, गुरं चारणारी. मृगाच्या आधीचे दिवस आणि पाऊस परतायला लागतो ते दिवस, दुपार ते दिवेलागण, ही आपल्याकडची घातवेळ. चमकलं की मोजायला लाग. तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं, की काम टाकायचं आणि पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली जायचंच नाही, एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. वीज झाडावर पडते आणि तिथून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. ढोरं जास्त मरतात ती त्यामुळंच. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, जमिनीतली वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. वावरात अडकलीसच तर पाय जोडून उकिडवी बस, आडवी होऊ नको, आणि बायांनो एकमेकींपासून लांब बसा, एकीवर पडली तर दुसरी उठून छाती दाबायला हवी. चार खांबांवरचं टिनाचं शेड पाऊस अडवतं, वीज अडवत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. माझ्या फोनमध्ये आहे. पण वावरात रेंज नसते, म्हणून मी आधी आभाळाकडं बघते.

मजूर बायांच्या मजुरीचं काय, हेही मी पाटलांशी भांडून ठरवून घेतलं. गडगडायला लागलं की काम थांबेल आणि रोज पूर्ण मिळेल. बाई झाडाखाली थांबते ती भित्री म्हणून नाही, उरलेली पात संपवायची असते म्हणून. तू उद्या वावर करशील, तुझ्याकडं मजूर येतील, तेव्हा हे पहिल्या दिवशी सांगून टाक.

उन्हाचं जास्त सांगत नाही, तू इथंच वाढलीस. फक्त तू गेलीस तेव्हाचा मे आणि आताचा मे यांत फरक आहे. रात्रीसुद्धा टिन गार होत नाही. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया पहाटे चारला निघतात. कोणी उन्हातून आलं आणि बरळायला लागलं, अंग तापलेलं पण घाम नाही, तर त्याला थंडीताप समजून पांघरूण घालू नको. ओलं फडकं काखेत, मानेला, जांघेत, वारा घाल आणि १०८ ला फोन कर. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

भूकंपही आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोलीकडं धक्के बसले, मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ रिश्टरचा बसला. आपल्याकडं फडताळातली स्टीलची भांडी आपोआप वाजली. आईला वाटलं मांजर शिरलं. नुकसान काही झालं नाही. पण त्या वेळी नांदेडच्या प्रशासनानं लोकांना एक साधी गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. टिनपत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतो ना आपण, ते काढा. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर तोच दगड येतो. मी त्याच दिवशी आपल्या गोठ्यावरचे सगळे दगड उतरवले आणि पत्रे हुकनं आवळून घेतले. तुझ्या घरात जुन्या पद्धतीची माती-दगडाची एकही भिंत नको. पाया, दारं-खिडक्यांची वरची पातळी आणि छत, तिन्ही ठिकाणी घराभोवती सळईचा अखंड पट्टा फिरव. किल्लारीनंतर हेच सगळ्यांना शिकवलं. फार खर्च वाढत नाही.

कागदांचं एक राहिलं. आधार, सातबारा, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले, सगळ्याच्या प्रती फोनमध्ये, आणि मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वरच्या फळीवर. आपल्याकडं अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला तर. तुझ्या वावरात नाला फिरला, माती खरडून गेली, आणि मंडळाच्या ठिकाणी पाऊसच कमी झाला, असं होतं. मग भांडावं लागतं. म्हणून पाणी ओसरायच्या आत फोटो काढायचे, फोटोत ओळखू येईल असं काहीतरी घ्यायचं, विहीर, गटाचा दगड, मोठं झाड. तलाठ्याकडं लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. वीज पडून माणूस गेला तरी सरकारी मदत आहे, चार लाखांची, पण शवविच्छेदन आणि पंचनामा झालेला हवा. दुःखात लोक घाईनं अंत्यविधी उरकतात आणि मागं राहिलेली बाई सहा महिने खेटे घालते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तातडीला ११२. हे दोन्ही आईला पाठ आहेत, तुलाही असू दे.

आणि कोरडं वर्ष. पूर निदान आवाज करत येतो, हे काहीच न बोलता येतं. १९७२ चा दुष्काळ आईच्या तोंडून आपण किती वेळा ऐकला. आपल्या पुसदच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि रोजगार हमीच्या कामावर लाखो माणसं जगली. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा-चापडोह आटले आणि यवतमाळ शहरात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. तेव्हा मी तुला पुण्याहून येऊ नको म्हटलं होतं, आठवतं? घर बांधशील तेव्हा छतावरचं पाणी बोअरजवळ मुरवायची सोय आधी कर, फरशीचा रंग मग ठरव.

पण या सगळ्या संकटांच्या आत आणखी एक पदर आहे, तो तू बहीण म्हणून ऐक. पाणी ओसरतं, पंचनामा होतो, मदत आली तर येते. घरातला पुरुष मात्र गप्प होतो. २०२३ च्या पुरानंतर बाबा आठ दिवस जेवायला बसायचे आणि तसेच उठायचे. वावरात जाऊन बांधावर बसून राहायचे. शेजारच्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं १९ मार्च १९८६ ला जीव दिला. अजूनही दरवर्षी त्या दिवशी लोक अन्न सोडून बसतात. मीही धरते. म्हणून बाबांना मी एकटं सोडलं नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवलं, किल्ली माझ्याकडं. सोसायटीत किती, सावकाराचं किती, हे आईसमोर त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि कागदावर मांडलं. आकडा डोक्यात होता तेवढा मोठा निघाला नाही. नवव्या दिवशी त्यांनी भाकरीवर तेल मागितलं. कधी रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तो मी कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. तुझ्याही घरात लिही. पुण्यातल्या घरातसुद्धा.

आता जागेचं. शाळेच्या वर, टेकाडाकडं काकांचा दीड गुंठ्याचा तुकडा पडून आहे. मुरमाड आहे, झाड लागायला वेळ लागेल, पाणी वर चढवावं लागेल. मी काकांशी बोलले. ते बुडीताच्या वावराशी अदलाबदल करायला तयार आहेत, त्यांना कडबा ठेवायला हवंच आहे. कागदोपत्री काय करायचं ते तहसीलला विचारून घेऊ. तुला हवेली दिसत असेल नाल्याकाठी, झोपाळा, सकाळी पक्षी. मला कळतं. वरून नाला दिसतो, मी पाहून आले. पक्षीही येतात.

या वेळी दिवाळीला येऊ नको. श्रावणात ये, दोघंही या, पाऊस चांगला लागलेला असताना. छत्री नको, रेनकोट आण. नाल्याला पाणी आलं की आपण देवळाच्या वरच्या पायरीवर उभ्या राहू आणि जवाईबापूंना तो आवाज ऐकवू. मोबाइल तेव्हा त्यांनी खिशात ठेवावा. आईनं तुझ्यासाठी सरकी न मिसळलेल्या कापसाची गादी भरायला टाकली आहे, ती तोवर होईल.